जिना न पाहिलेले बूट

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळचे दहा. स्थळ: कुवेत, हवल्लीतल्या एका इमारतीचा तिसरा मजला. हजर: झुबेदाआपा, पायात नवे करडे बूट. त्यांचे यजमान इब्राहिमभाई, पलंगाच्या कडेला बसलेले, पायात तसेच करडे बूट, फक्त मोठे. मुलगा इम्तियाज, पायात मोजे. आणि मी, अनवाणी; माझे बूट दाराबाहेर, जिन्याजवळ काढलेले.

कोणाच्या पायात काय, हे मी सवयीने आधी बघते. त्या दिवशी मात्र सगळी सभाच त्यावर होती.

प्रश्न एकच होता. इब्राहिमभाईंना अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली, वाचाही बरीचशी गेलेली. आपा एका शाळेत आयाचं काम करतात. त्यांच्या पगारावर धाकट्या मुलीचं मुंबईतलं नर्सिंगचं शिक्षण चालू आहे, त्यामुळे ती नोकरी सोडता येत नाही. इम्तियाज वफ्र्याला भाजीपाल्याच्या फार्मवर सुपरवायझर; आठवडाभर तिथेच राहतो, गुरुवारी रात्री घरी येतो. म्हणजे बाकीचे दिवस रोज पहाटे नवऱ्याला पलंगावरून उठवून चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि संध्याकाळी परत पलंगावर घ्यायचं, हे आपांनी एकटीने करायचं. ते त्यांना सुरक्षितपणे जमलं तर इब्राहिमभाई इथेच राहणार. नाही जमलं तर इम्तियाज त्यांना श्रीवर्धनजवळच्या गावी आत्याकडे पोचवणार, आणि आपा इथे राहणार.

ते जमतं की नाही, हे बघायला मी गेले होते.

*

माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण इथल्या मराठी मंडळाच्या या अंकाचे बहुतेक वाचक मला ‘शेक देणारी’ म्हणून ओळखतात. मी फिजिओथेरपिस्ट. मिरजेत शिकले, लग्नानंतर इकडे आले आणि बरीच वर्षं रुमैथियातल्या एका क्लिनिकात आहे. तिथे मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. तिच्यात मशिनं जवळजवळ नाहीत. लोखंडी बार, वजनाच्या चकत्या, केटलबेल, वाळूच्या पिशव्या आणि खाली काळी रबरी मॅट. दुखणं कमी झालं की माणसाला या खोलीत आणायचं आणि ताकद भरायची, हे माझं काम. गुडघा दुखायचा थांबला म्हणजे तो कामाचा झाला असं नाही, हे लोकांना पटवणं हा त्यातला अवघड भाग.

या खोलीत येणारा प्रत्येकजण पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारतो: बूट घालू, मोजे घालू की अनवाणी? मी याद्या करणारी बाई आहे, म्हणून याचं उत्तर मी भिंतीवर लावून ठेवलं होतं. त्यामागचं कारण सोपं आहे. वजन उचलताना आपण खरं तर जमीन खाली ढकलत असतो. पळायचे बूट आतून गादीसारखे असतात. गादीवर उभं राहून पाण्याची भरलेली बादली उचलून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. म्हणून जमिनीवरून वजन उचलायचं असेल तर अनवाणी पाय उत्तम, नाहीतर पातळ, सपाट, न दबणाऱ्या तळाचे बूट. बैठका मारायच्या असतील आणि घोटा पुढे वाकत नसेल, तर टाच जरा उंच असलेले बूट. मोजे रबरी मॅटवर चालतील, गुळगुळीत फरशीवर नाहीत.

हे वाचून कोणी गप्प बसत नाही. पुण्याचे एक इंजिनियर इंटरनेटवर बरंच वाचून आले होते. माणसाचा पाय निसर्गाने परिपूर्ण बनवलाय, बूट हे तुरुंग आहेत, वगैरे. पुढच्या वेळी ते गाडीतूनच अनवाणी उतरले. जुलै महिना, दुपारचे तीन. पार्किंगपासून आमच्या दारापर्यंत येईतो निसर्गाबद्दलचं त्यांचं मत बदललं होतं. मी त्यांना बर्फाची पिशवी दिली आणि त्या दिवशी फक्त हातांचे व्यायाम घेतले.

एक कुवेती कॉलेजकन्यका दर वेळी नव्या रंगाचे बूट घालून यायची, सगळे जाड, फुगलेले. तिला मी बूट काढायला लावले तेव्हा तिचा चेहरा पडला. मग अनवाणी पायांनी तिने पहिल्यांदा वजन नीट, सरळ उचललं आणि आपल्या पायाच्या बोटांकडे कौतुकाने बघत राहिली. त्यानंतर बूट एकच राहिला आणि दर वेळी नखांचा रंग बदलायला लागला. माझी हरकत नव्हती.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना झुबेदाआपा आल्या.

*

मार्चमध्ये आल्या त्या कंबर धरून. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पन्नाशी उलटलेल्या. अबाया, डोक्याला गच्च स्कार्फ आणि पायात जाड काळे मोजे. बूट त्यांनी आमच्या दाराबाहेरच काढून ठेवले होते, कोणी सांगितलं नसताना.

“काय उचललंत?” मी विचारलं.

“नवरा,” त्या म्हणाल्या. “आनि काय उचलनार? सोना?”

त्यांना साखरेचा त्रास बरीच वर्षं आहे, हे त्यांच्या कागदांवर होतं. अशा माणसाचे पाय तपासल्याशिवाय मी त्याला वजनाला हात लावू देत नाही. साखरेने पायांची जाणीव हळूहळू जाते. तळव्याला टाचणी टोचली तरी कळत नाही, जखम होते, ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तपासणी साधी असते: पेशंटने डोळे मिटायचे, मी नायलॉनचा एक बारीक तंतू पायाला ठिकठिकाणी टेकवायचा, आणि जाणवलं की त्याने ‘हो’ म्हणायचं.

आपांनी डोळे मिटले. मी सुरुवात केली. “हो,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने परत “हो.” मग परत “हो.” छान, समान अंतराने. मला शंका आली. मी हात मागे घेऊन नुसती बसले.

“हो,” आपा म्हणाल्या.

“आपा, मी हात लावलेलाच नाही.”

त्यांनी एक डोळा उघडला. “बाय, तुना बरा वाटावा म्हनून बोलले.”

मग मी प्रश्न बदलला. “कुठे लावला, ते सांगा.” आता त्या गप्प झाल्या. टाचेला तंतू लावला तेव्हा बोलल्या, घोट्याला लावला तेव्हा बोलल्या. दोन्ही अंगठे आणि चवड्यांच्या जागी मात्र काहीच नाही.

मी त्यांच्या डॉक्टरांना कळवलं, त्यांनी पाय पाहिले आणि व्यायामाला परवानगी दिली. अनवाणी पायांचा प्रश्न मात्र तिथेच मिटला. माझ्या भिंतीवरच्या यादीत सगळ्यात वर असलेली गोष्ट या बाईला कायमची बंद. क्लिनिकात मी त्यांना सपाट, कडक तळाचे, पुढे ऐसपैस असलेले बूट घालायला लावले; घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे, आत हात फिरवून खडा नाही ना ते बघायचं, आणि काढल्यावर पाय आरशात खालून बघायचे. हे त्या मन लावून करत.

उन्हाळाभर आपा आठवड्यातून दोनदा आल्या. वाळूची पिशवी उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, वजन छातीशी धरून वळणं. नवऱ्याला उचलण्याच्या कामाचे मी तुकडे केले होते आणि एकेक तुकडा पक्का करत होते. त्यांच्यात जन्मजात ताकद होती, ती कशी वापरायची एवढंच शिकवायचं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी एक मोठी पिशवी उचलून बाकावर ठेवली आणि म्हणाल्या, “हा तर इब्राहिमपेक्सा सोपा. हा बोलत नाय, वरून तोंड पन वाकडा करत नाय.”

दर वेळी निघताना मी विचारायची, “घरी त्यांना उठवताना बूट घालताय ना?”

“हो,” आपा म्हणायच्या.

*

सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी इम्तियाजचा फोन आला. मी त्याला तोवर भेटले नव्हते. आवाज शांत, पण आवळलेला.

“मॅडम, आज अम्मी अब्बांना घेऊन पडली. माझ्यासमोर. पलंगावर पडली म्हणून वाचली. फरशीवर पडली असती तर दोघांना कोणी उचललं असतं? मी हिते रोज असतो का? मी अब्बांना गावी पोचवतोय. तुम्ही अम्मीला समजवा.”

दुसऱ्या दिवशी आपा आल्या. कुठे लागलं नव्हतं. त्या नेहमीसारख्या थट्टा करत होत्या, पण थट्टेला दम नव्हता.

“दोगं पन हसलो बाय, पडल्यावर. लग्नाच्या वेळेला पन एवढा हसलो नव्हतो. इम्तियाज नाय हसला.” मग हातातल्या रुमालाची घडी करत म्हणाल्या, “तिकडे नणंद बघल, वाईट नाय ती. पन त्याची भाषा आता माज्याशिवाय कोनाला कळनार? तो ‘यल्ला’ बोलतो त्याचे सात अर्थ हायत.”

इब्राहिमभाई शर्कमधल्या एका ऑफिसात ड्रायव्हर होते. झटक्यानंतर जे दोनतीन शब्द उरले त्यात ‘यल्ला’, म्हणजे अरबीतलं ‘चला’, होता.

“पडलात तेव्हा पायात काय होतं?” मी विचारलं.

“मोजे.”

“आणि बूट?”

आपा माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी अचाट विचारल्यासारखं. “घरात?”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. त्यांच्या घरात दाराच्या आत कोणाचंही पायताण येत नाही. पलंगाला लागूनच नमाजाचा मुसल्ला पसरण्याची जागा. तिथे त्या पाच वेळा कपाळ टेकवतात. एसीने फरशी थंडगार, म्हणून पायात मोजे. आणि संगमरवरासारख्या त्या चकचकीत फरशीवर मोज्यांनी नव्वद किलोचा माणूस. महिनोन्‌महिने मी विचारत होते आणि त्या ‘हो’ म्हणत होत्या. तो ‘हो’ म्हणजे ‘तू सांगतेस ते ऐकलं’ एवढाच होता. तो नायलॉनच्या तंतूचाच ‘हो’ होता. आणि खरं सांगायचं तर माझ्या घरीसुद्धा बूट घालून कोणी आत आलं तर मी त्याच्याकडे बघत उभी राहते.

“मग मला सांगायचं नाही का, की घरात बूट चालत नाहीत?”

“तू एवढ्या मायेनं विचारायचीस. तुना नाय कसा बोलू?”

आधी आम्ही खाली रबरी ठिपके असलेले मोजे आणून पाहिले. ते घरात चालण्यासारखे होते. पण तिसऱ्या दिवशी आपांनी मला फोटो पाठवला: ठिपके पावलाच्या वर आले होते. मोजा फिरला होता आणि पाय बधिर असल्यामुळे त्यांना कळलंच नव्हतं. शिवाय खुर्चीचं चाक बोटांवरून गेलं तर मोजा काय वाचवणार? मोजेही बाद.

आता अनवाणी नाही, मोजे नाहीत, बूट नाहीत. भिंतीवरची माझी यादी एका बाईपुढे संपली होती.

मी म्हटलं, “आपा, बूट घरात का चालत नाही? बूट म्हणून, की बाहेरचा म्हणून?”

त्यांनी विचार केला. “जिना बघितलेला काय पन आत येत नाय,” त्या म्हणाल्या. “रस्ता, जिना. तिथला सगळा तळव्याला लागून येतो ना.”

“आणि ज्याने जिना बघितलाच नाही, तो?”

आपा हसायला लागल्या. “पेटीतनं थेट घरात?”

“पेटीतून थेट घरात.”

*

बूट घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले, कारण तळ दाबून बघायचा होता. सेल्समन केरळचा, नम्र पोरगा. त्याने आपांच्या पायात बूट घातला आणि म्हणाला, “मॅडम, थोडा चलके देखो.”

“चलनेका नाय,” आपा म्हणाल्या.

“चलेगा नहीं तो साइज कैसे पता चलेगा?”

“ये जूता चलनेका हैच नाय.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खोक्याचं झाकण जमिनीवर पसरलं. आपा त्याच्यावर उभ्या राहिल्या, एक पाऊलही बाहेर न टाकता. मी खाली बसून चवडा दाबून बघितला, बोटांपुढे जागा बघितली, कारण त्यांच्या पायाला विचारून उपयोग नव्हता. झाकणावरच त्यांनी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि हवेतला नवरा उचलला. दुकानातल्या दोनतीन बायका थांबून बघायला लागल्या.

“चांगला हाय,” आपा म्हणाल्या. “आता ह्योच मर्दाचा दाखव. बेचाळीस.”

मी सांगणारच होते की इब्राहिमभाईंनाही बूट लागतील. पेशंटचा पाय घसरला तर उचलणाऱ्याचे बूट काय कामाचे? पण आपांचं कारण वेगळं होतं. “घरात मी बूट घालून फिरनार आनि घरधनी मोज्यात? बरा दिसतो का?”

“उनको भी बोलो, इधर आके चलके देखे,” सेल्समन आशेने म्हणाला.

“तो नाय चलत,” आपा म्हणाल्या. साधंच, भाव सांगावा तसं. “उसके वास्तेच तो लेती.”

सेल्समनने दोन्ही जोड स्वतः पुसले, तळ कागदात गुंडाळले आणि खोकी दोरीने बांधून दिली. वाटेत उघडू नका म्हणून.

*

तर तो शनिवार.

इम्तियाज भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. फार्मवर काम करणाऱ्याचा उन्हाने रापलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. त्याला वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तो भ्यालेला होता.

“मॅडम, तुम्ही मध्ये हात नाय लावायचा,” तो म्हणाला.

“नाही लावणार. तूही नाही.”

आपांनी खुर्ची पलंगाला तिरकी लावली, इब्राहिमभाईंच्या डाव्या, चांगल्या बाजूला. ब्रेक लावले. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवल्या. नवऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. उजव्या, लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, पट्ट्याला धरायचं, हे त्यांना पाठ होतं. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले आणि आपल्या गुडघ्यांनी त्यांच्या अशक्त गुडघ्याला अडसर घातला. चार करडे बूट, टोकाला टोक.

“पुढे वाका,” त्या म्हणाल्या. “अजून. नाक माज्या खांद्यावर.”

इब्राहिमभाई वाकले. आपा थांबल्या. बोलायचं नवऱ्याने होतं, हे दोघांचं ठरलेलं असावं.

“यल्ला,” इब्राहिमभाई म्हणाले.

आणि ते उभे राहिले. मी आपांच्या बुटांचे तळ बघत होते. एक सूतही हलले नाहीत. क्षणभर दोघं तशीच उभी राहिली, मग बारीक बारीक पावलांनी वळली आणि इब्राहिमभाई खुर्चीत अलगद बसले. धप्प आवाज झाला नाही. आमच्या कामात आवाज न होणं हीच शाबासकी.

इम्तियाज म्हणाला, “परत.”

“तुज्या बापाला काय झोपाळा समजलास?” आपा म्हणाल्या, पण केलं. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून परत खुर्चीत. दुसऱ्यांदा इब्राहिमभाईंनी ‘यल्ला’ जरा मोठ्याने म्हटलं आणि मुलाकडे बघितलं. सात अर्थांपैकी तो कुठला होता ते मला कळलं नाही. इम्तियाजला कळला असावा. त्याने हाताची घडी सोडली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

आपांनी चहा टाकला. बूट घातलेल्याच आत-बाहेर करत होत्या. मुसल्ल्याजवळून जाताना मात्र सवयीने जरा लांबून.

तेव्हा इम्तियाजने विचारलं, “आणि न्हाणी?”

आंघोळीच्या खोलीत पाणी, साबण, उतार. अनवाणी पायांनी आपांनी जायचं नाही. मोज्यांचा प्रश्नच नाही. आणि हे करडे बूट एकदा तिथल्या पाण्यात गेले की परत मुसल्ल्याच्या खोलीत येणार नाहीत; ते आपांनी न सांगता आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी ठरलं ते असं. अब्बा राहणार. आठवडाभर आपा त्यांचं अंग पलंगावरच पुसणार. शुक्रवारी इम्तियाज आंघोळ घालणार. “पन मॅडम, थंडी पडली की आमच्याकडे टोमॅटो-काकडीचा हंगाम,” तो म्हणाला. “मला दर शुक्रवारी नाय येता येणार. त्याच्या आत न्हाणीचं बसवा. नाय बसलं तर मग मी ऐकणार नाय.”

मी हो म्हटलं. माझा ‘हो’ खरा होता.

*

भिंतीवरची यादी मी काढून टाकली आहे. आता तिथे एकच प्रश्न लिहिलाय: वजन कुठे उचलणार? घरी, दुकानात, गोदामात, ओल्या जागी? ते कळल्यावर पायांचं बघू.

आपांनी हे लिहायला परवानगी दिली, ‘म्हातारी’ लिहायचं नाही या अटीवर. त्या रोज पहाटे इब्राहिमभाईंना खिडकीशी बसवून शाळेत जातात. मधून शेजारच्या बाई डोकावतात. करडे बूट अजून जिन्यापर्यंत पोचलेले नाहीत.

न्हाणीत घालायचा तिसरा जोड मात्र मिळत नाही. समुद्रावर घालायचे रबरी बूट पाहिले, तळ स्पंजसारखा. भोकांच्या प्लॅस्टिक चपला, साबणावर सुटतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरात घालतात ते बंद, खाचा पडलेल्या तळाचे बूट अगदी हवे तसे आहेत, पण ते अडतीसच्या खाली येत नाहीत. आपांचा पाय छत्तीस. मोठा बूट आत घासतो, आणि घासलेलं या पायांना कळत नाही.

परवा मी त्यांना फोनवर विचारलं, “आपा, जाड पट्टी बांधून अडतीस चालेल का?”

“हो,” त्या लगेच म्हणाल्या.

म्हणजे नाही. छत्तीस नंबर, रुंद पंजा, बोटं बंद, कडक तळाला खोल खाचा. इम्तियाज सांगतो की वफ्र्यात टोमॅटोला फूल धरलंय. या शुक्रवारी फाहाहीलची दुकानं बघायची राहिली आहेत.